भिंतीचा घाम

इनासकाकांच्या घरी चहा मिळायचा, पण आधी वास घ्यावा लागे.

पाहुणा ओटीवर टेकतो न टेकतो तोच काका त्याच्या हातात बॅटरी द्यायचे. ‘चला, जरा खाली जाऊन येऊ,’ म्हणायचे आणि अकरा पायऱ्या उतरवून त्याला तळघरात न्यायचे. तिथं उत्तरेच्या भिंतीसमोर उभं करायचे. ‘नाक लावा. लावा हो, भिंत काय चावते? आता श्वास घ्या. अजून. हां! काय म्हणतं तुमचं नाक?’

नाकानं काय म्हणायचं ते सगळ्या गावाला पाठ होतं. ‘काही वास नाही’ असं म्हटलं की काका खूश. मग वर चहा, आणि त्याबरोबर काकांच्या पत्नी आग्नेसमावशींच्या हातचे, मैद्याचे तळलेले गरमागरम फुगे. ‘जरा कुबट येतोय’ असं जो खरं बोलेल त्याला नुसता चहा, आणि तोही हवेतल्या दमटपणावरचं व्याख्यान ऐकत. त्यामुळे त्या घरात खरं कोणी बोलत नसे. मी स्वतः मुलांना सत्याचे धडे देणारा मास्तर, पण फुग्यांसाठी वर्षानुवर्षं त्या भिंतीला नाक लावून धडधडीत खोटं बोललो.

तुम्ही म्हणाल, वास घ्यायला माणसं कशाला हवीत, स्वतःचं नाक काय गहाण पडलं होतं? तर होय, पडलंच होतं. काकांना तपकिरीचं व्यसन. चांदीची डबी दिवसातून वीसदा उघडायची. इतक्या वर्षांत त्या नाकानं हात टेकले होते. सुका बोंबील आणि सोनचाफा दोन्ही त्याला सारखेच. म्हणून मग गावाची नाकं.

मी त्यांचा शेजारी. नोकरीसाठी घाट उतरून भुईगावात आलो आणि फिलीबायच्या घरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. फिलीबाय म्हणजे इनासकाकांची थोरली चुलतबहीण. दोन घरांच्या मध्ये केळीची एक रांग, बस्स. त्यामुळे काकांची फुशारकी आणि फिलीबायच्या शिव्या दोन्ही मला घरबसल्या ऐकू यायच्या.

आता मुळात भुईगावात तळघर, ही गोष्टच ज्याच्या डोक्यात आली त्याचं डोकं तपासून बघायला हवं होतं. इथं तीन हात खणलं की पाणी लागतं. पलीकडे समुद्र, अलीकडे वाड्या, आणि प्रत्येक वाडीत एक बावखल. बावखल म्हणजे बागेतलं छोटं तळं. पावसाचं गोडं पाणी त्यात साठतं, तळाला झरा असतो, आणि वर्षभर केळी, पानवेली, भाजी सगळं त्याच्यावर पोसतं. ज्या गावात पाणी असं उंबऱ्याशी येऊन बसलेलं, तिथं जमिनीखाली खोली बांधायची!

पण काका मुंबईत एका मोठ्या कंपनीच्या रेकॉर्ड रूममध्ये होते. ती रेकॉर्ड रूम तळघरात. ‘मास्तर, छत्तीस वर्षं बेसमेंटमध्ये काढली,’ ते सांगायचे. ‘एका फायलीला बुरशी लागू दिली नाही. एका! साहेब लोक खाली यायचे आणि म्हणायचे, इनास, इथं वरच्यापेक्षा बरं वाटतं.’ साहेबांना वरच्या साहेबांपासून तोंड लपवायला जागा हवी असणार, पण हे मी मनातच म्हणायचो. रिटायर होताना लोक घड्याळ घेऊन घरी येतात. काका बेसमेंट घेऊन आले.

आणि जागा कुठली निवडली? तर घरामागचं बावखल.

‘खड्डा आयताच होता ना!’ हे त्यांचं कारण. ‘खणायचं काम आजोबांनीच करून ठेवलेलं. आपण फक्त पाणी काढायचं आणि भिंती घालायच्या.’ हे ऐकून मी पहिल्यांदा इतका हसलो की चहा नाकात गेला.

तो सगळा प्रकार मी यायच्या आदल्या हिवाळ्यातला. मला तो सांगितला नथू गवंड्यानं. नथू खाडीकडच्या गावचा. त्यानंच ते तळघर बांधलं आणि पुढे त्यानंच ते सतरांदा दुरुस्त केलं. आग्नेसमावशी आठ दिवस माहेरी, राजोडीला भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. काकांनी बरोबर तेच आठ दिवस साधले. इंजीन लावून बावखल उपसलं, एका अंगाला तळघराचा कोबा घातला, उरलेल्या खड्ड्यात माती लोटली. मावशी परत आल्या आणि लुगड्याचा ओचा सावरत मागच्या दारी गेल्या, तर बावखल गायब!

‘मी म्हनलं, आता बाबाचं काय खरं नाय,’ नथू सांगायचा. ‘पन बाय रडली नाय, भांडली नाय. पाच मिंटं बघत उभी राहिली. मग म्हनली, पानी कुठं जातंय? घरचंच हाय. माझ्या हिल्डाच्या लग्नाला येल परत.’

हिल्डा ही त्यांची एकुलती एक मुलगी. इथल्या ख्रिस्ती घरांत रीत अशी, की लग्नाच्या आदल्या दिवशी, मांडवाच्या दिवशी, बायका बँड लावून, गाणी म्हणत पाण्याला जातात आणि त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालतात. मावशींच्या मनात पोरगी पाळण्यात असल्यापासून होतं, की हिल्डाचं पाणी आपल्याच बावखलातलं काढायचं. सून म्हणून आलेल्या प्रत्येक बाईनं त्या घरात आपल्या लेकीसाठी तेच केलं होतं.

यावर काका म्हणाले, ‘थेंब येणार नाही. लाव पैज.’

‘लागली,’ मावशी म्हणाल्या आणि चुलीपाशी गेल्या.

पहिल्याच पावसाळ्यात पाणी आलं. आलं म्हणजे कोब्याच्या कडेकडेनं डोकावलं. उत्तरेच्या भिंतीवर ओलीचे नकाशे उमटले, गिलाव्याला पोपडे सुटले आणि कोपऱ्यात काळीहिरवी बुरशी धरली. काकांनी ते सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि जाहीर केलं, ‘हे पाणी नाही. हा घाम आहे.’

‘घाम?’

‘भिंतीला घाम येतो, मास्तर. बाहेर उकाडा, आत गारवा. घाम सुटणारच. सायन्स आहे हे. तुम्ही शिकवता ना?’

मी इतिहास शिकवत होतो. तरी विचारलं, ‘काका, घामात बेडूक कसा?’

कारण कोपऱ्यात एक बेडूक निवांत बसला होता. काकांनी त्याच्याकडे बघितलं, एक चिमूट तपकीर ओढली आणि म्हणाले, ‘तो वरून आलाय. पायऱ्या उतरून.’

त्यानंतर आठ वर्षं मी त्या घामावरचे इलाज बघितले. चुन्यात गूळ घालून लावला, तर मुंग्या आल्या. मोरचूद लावला, तर भिंत निळी झाली आणि त्या निळ्यावर बुरशी आधीपेक्षा ठसठशीत दिसायला लागली. डांबर फासलं, तर हिल्डाची लग्नाकरता म्हणून जपलेली पेटी भिंतीला अशी चिकटली की सोडवताना तिची मागची फळी तिथंच राहिली. ती फळी पुढे कित्येक वर्षं भिंतीवर होती.

एकदा कोणीतरी सांगितलं, मीठ ओल शोषून घेतं. झालं! मिठागरातून सहा गोण्या मीठ आलं आणि चारी कोपऱ्यांत रचलं गेलं. मिठानं ओल शोषली खरी, पण हवेतली, जमिनीतली, होती नव्हती तेवढी सगळी शोषली आणि गोण्यांसकट विरघळून तळघरभर पसरली. नथू पायऱ्यांवर उभा राहून बघत म्हणाला, ‘बाबा, आता निस्ती मासळी टाकायची राहिली. खारवून निघेल.’

मग शेगड्या. चार शेगड्या पेटवून तळघराचं दार लावून घेतलं, की भिंती भट्टीसारख्या सुकतील. कोळसा ओला असावा. थोड्या वेळानं वरच्या खोलीच्या फटीफटीतून असा धूर निघायला लागला की फिलीबायनं ‘आग! आग!’ करून सगळी आळी गोळा केली. माणसं बालद्या घेऊन धावली. काका दारात आडवे पडून ‘अरे नको, अरे थांबा’ ओरडत होते, पण संकटात घरमालकाचं कोण ऐकतो? भरल्या बालद्या धडाधड तळघरात रिकाम्या झाल्या. मीही दोन ओतल्या. पावसाळ्यात आलं नव्हतं एवढं पाणी त्या दिवशी गावानं आणून दिलं.

तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. काकांचे अर्ज मी लिहून द्यायचो. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं यावर आमचा वाद व्हायचा. ‘गळती’ शब्द लिहू देईनात. शेवटी त्यांच्या हट्टापायी मी लिहिलं, ‘भिंतीस येणाऱ्या घामाच्या बंदोबस्तासाठी.’ तालुक्याच्या कचेरीतल्या कारकुनानं तो अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, ‘घाम भिंतीला येतो की अर्जदाराला?’ काका त्याच्याशी तासभर भांडले. परमिट मिळालं. माझ्या मते, हा माणूस उद्या पुन्हा येऊ नये म्हणूनच मिळालं.

फादर घराला आशीर्वाद द्यायला आले तेव्हा काकांनी त्यांनाही खाली नेलं. फादरांनी प्रार्थना म्हटली आणि पवित्र पाणी शिंपडायला हात उचलला. काका चटकन पुढे झाले. ‘फादर, पाणी सोडून दुसरं काही शिंपडता येईल का?’

आणि तो सूट! कंपनीनं निरोपसमारंभाला शिवून दिलेला काळा सूट काकांनी तळघरातल्या कपाटात ठेवला होता, केवळ तिथं काही बिघडत नाही हे सिद्ध करायला. ईस्टरला बाहेर काढला तर त्याला पांढरी मिशी फुटलेली. ब्रशानं झटकून तोच घातला. चर्चमध्ये मिसाच्या प्रार्थनेवेळी त्यांच्या पुढच्या बाकावरची माणसं एकामागून एक शिंकत होती. काका शेजाऱ्याच्या कानात म्हणाले, ‘सर्दीची साथ आलेली दिसते.’

या सगळ्यात आग्नेसमावशी कधी चिडल्या नाहीत, हेच मला नवल वाटायचं. दर पावसाळ्यात एक दिवस असा यायचा की कोब्यावर पाणी दिसायला लागायचं. ते पहिल्यांदा दिसायचं मावशींनाच. त्या जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहायच्या, कमरेवर हात ठेवायच्या आणि आमच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारायच्या, ‘अवो, पावणे आले!’

काका धोतर खोचत यायचे. ‘पावणे नाहीत, घाम आहे!’

‘बरं, घाम तर घाम. किती दिवस राहणार विचारा त्यांना. आणि ही बालदी धरा.’

मग काका खाली, मावशी वर. ते भरून द्यायचे, त्या ओतून यायच्या, आणि तासन्‌तास दोघांची तोंडं चालू. मावशी म्हणायच्या, पैज हरलात. काका म्हणायचे, लग्नाला अवकाश आहे. ओतलेलं पाणी मावशी केळीला घालायच्या. ‘बावखलाचंच हाय,’ मला सांगायच्या, ‘केळीला ओळख पटते, मास्तर.’ त्यांच्या लाल लुगड्याचा खालचा काठ पावसाळाभर ओलाच असायचा.

मी हे शाळेत जाऊन रंगवून सांगायचो. काकांची चाल, मावशींची हाक, सगळं करून दाखवायचो. मास्तर मंडळी पोट धरून हसायची. ‘मास्तर, तळघराचं आज काय?’ हा आमच्या मधल्या सुट्टीचा खुराक होता.

मी आल्यापासून पाचव्या वर्षी, पावसाच्या तोंडावर, मावशी तापानं फणफणल्या. आठवडाभर दवाखान्यात होत्या. आठव्या दिवशी त्यांना घरी आणलं ते शवपेटीतूनच.

त्या वर्षी पाणी गुडघाभर आलं. हाक मारायला कोणी नव्हतं, म्हणून दोन दिवस कोणाला कळलंही नाही. हिल्डा नुकतीच शाळेत नोकरीला लागली होती, ती दिवसभर बाहेर. तिसऱ्या दिवशी मी केळीतून पाहिलं, काका एकटेच बालदी भरत होते, अकरा पायऱ्या चढत होते, ओतत होते आणि परत उतरत होते. मी मदतीला गेलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, ‘काका, यंदा घाम बराच आलाय.’ ते हसले नाहीत. भांडलेही नाहीत. बालदी माझ्या हातात दिली आणि खाली गेले.

मला वाटलं, आता हे वेड संपेल. पण ते वाढलं! आधी वर्षाला एक इलाज व्हायचा, आता महिन्याला एक व्हायला लागला. ‘हिल्डाच्या लग्नाच्या आत तळघर कोरडं झालं पाहिजे,’ एवढंच बोलायचे. फिलीबाय केळीपलीकडून ऐकवायची, ‘जितीशी हरला, आता मेलीशी लढतोय मेला!’ मला ते इतकं आवडलं की मी तेही शाळेत नेलं.

हिल्डाला स्थळ आलं. मुलगा शेजारच्या गावचा, बँकेत कारकून, अबोल. बापाबरोबर मुलगी बघायला आला. आणि काय सांगू, काकांनी दोघांना थेट तळघरात नेलं! मी बॅटरी धरून मागे. हिल्डा वर देवासमोर हात जोडून उभी. व्याह्यांनी भिंतीला नाक लावलं, खोकला आवरला आणि व्यवहारी माणसाप्रमाणे म्हणाले, ‘छान. काही वास नाही.’

‘आणि तुमचं नाक काय म्हणतं?’ काकांनी मुलाला विचारलं.

मुलानं नाक लावलं. बराच वेळ लावलं. मग म्हणाला, ‘कुबट येतो. खूपच येतो.’

बापानं त्याच्या पायावर पाय दिला. मी डोळे मिटले. स्थळ गेलं असंच धरून चाललो. तर काका वर तोंड करून ओरडले, ‘हिल्डा, चहा टाक! हा मुलगा खरं बोलतो!’ लग्न तिथंच ठरलं, ओल्या भिंतीसमोर.

लग्न ठरलं आणि काकांनी शेवटचा डाव टाकला. मुंबईहून एक टायवाले साहेब आणले. ते उंचावरच्या पाण्याच्या टाक्या बांधायचे. त्यांचं म्हणणं साधं होतं. ‘टाकीतलं पाणी आम्ही बाहेर जाऊ देत नाही. तुमचं बाहेरचं आत येऊ देणार नाही. टाकी उलटी समजा.’ तळघर ही उलटी टाकी आहे, हे ऐकून काकांना नवा धर्म सापडल्यासारखं झालं. उन्हाळाभर काम चाललं. भिंतींच्या बाहेरून खणलं, तळाला आणि बाजूंनी शहाबादी लाद्यांची पेटी केली, सांधे भरले, आतून पुन्हा गिलावा केला. भिंतीला चिकटलेल्या त्या फळीचीही शेवटी सुटका झाली. जाताना साहेबांनी दहा वर्षांची लेखी गॅरंटी दिली. काकांनी ती काचेत बसवून उत्तरेच्या भिंतीवर टांगली.

त्या वर्षी पाऊस असा कोसळला की गावातली बावखलं काठोकाठ भरून रस्त्यावर आली. आमच्या खोलीत ओल, चर्चच्या भिंतीला ओल, शाळेच्या वह्यांना बुरशी. आणि काकांचं तळघर? ठणठणीत कोरडं! नथूनं भिंतीवरून तळवा फिरवला, बोटं एकमेकांवर घासून बघितली आणि म्हणाला, ‘जितलात, बाबा.’

आता खरं तर काकांनी सगळ्या गावाची नाकं ओळीनं उभी करायला हवी होती. पण त्यांनी कोणाला खाली नेलंच नाही. ओटीवर गेलं की चहा सरळ यायचा. मला चुकल्यासारखं झालं. हिल्डा एकदा केळीतून येऊन म्हणाली, ‘मास्तर, पप्पा नीट जेवत नाहीत. दिवसभर खाली खुर्ची टाकून बसतात. जरा बोला ना त्यांच्याशी.’

मी गेलो. काका खरंच खुर्चीत बसले होते, गॅरंटीसमोर. तपकिरीची डबी हातात, पण बंद.

‘काका, अभिनंदन! पैज जिंकलात.’

‘जिंकलो,’ ते म्हणाले. मग डबी बोटांत फिरवत, ‘मास्तर, जिंकल्याचं सांगायचं कुणाला?’

आणि मी शहाणा, काय म्हणालो? ‘फिलीबायला सांगा. ती आळीभर करील.’ स्वतःच्या विनोदावर हसलोसुद्धा. आजही ते हसणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

जानेवारीत लग्न. शनिवारी मांडवाचा दिवस. दुपारी अंगणात बायका जमल्या, लाल लुगडी, अंबाड्यात फुलं, कानांत सोनं, काखेत कळश्या. पाणी फिलीबायच्या विहिरीवरून आणायचं ठरलं होतं. बँडवाल्यांनी सूर लावला. आता नवरीच्या बापानं पुढे व्हायचं, तर बाप कुठं?

‘इनास! ए इनास!’ फिलीबाय ओरडली. ‘पोरीच्या मांडवाला तरी वर ये, मेल्या!’

उत्तर आलं ते जमिनीखालून. धाड! मग पुन्हा धाड! बँड थांबला. मी आणि नथू धावलो. आमच्यामागे हिल्डा, तिच्यामागे सगळ्या बायका जिन्यात.

खाली काका. नव्या सुटाची पँट, वर नुसता गंजीफ्रॉक. कोट गॅरंटीच्या खिळ्याला टांगलेला. हातात पहार. कोब्याला विड्याच्या पानाएवढा खड्डा पडला होता आणि काका घामानं निथळत होते. खऱ्या घामानं.

‘काका!’ मी ओरडलो. ‘अहो, गॅरंटी आहे दहा वर्षांची!’

‘मास्तर,’ ते धापा टाकत म्हणाले, ‘पाणी आपणहून आत येणार नाही, याची गॅरंटी आहे. आपण बोलावलं तर येऊ नये, असं कुठं लिहिलंय?’

आणि पुन्हा पहार उचलली. सत्तरीकडे आलेले हात. पहार लादीवरून घसरली. लादी हलेना. काकांनी पुन्हा मारली, पुन्हा घसरली, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. साहेबांनी काम फार पक्कं केलं होतं.

नथू पुढे झाला आणि त्यांच्या हातातून पहार घेतली. ‘हितं नाय, बाबा. त्या कोपऱ्यात. झरा तिकडं हाय. मीच बुजवलाय ना.’

कोपऱ्यात नथूनं आठदहा घाव घातले. लादी दुभंगली. खाली काळी माती. मातीत त्यानं पहार खुपसली आणि फिरवून बाहेर काढली. सगळे वाकून बघत होते. आधी काहीच नाही. मग माती काळपट चमकायला लागली, मग थरथरली, आणि तिच्यातून गढूळ पाणी वर आलं. हळूहळू खड्डा भरला. गढूळपण खाली बसलं आणि वरचं पाणी नितळ झालं.

काका उकिडवे बसले. पाण्यात हात घातला. मग जिन्याच्या तोंडाकडे मान वर करून, आमच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारली,

‘आग्नेस! पावणे आले गो!’

हिल्डा भिंतीला धरून रडायला लागली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं आणि घाम म्हणायची सोय नव्हती. फिलीबायनं पदर तोंडाला लावला. मग तोच पदर कमरेला खोचून ती खेकसली, ‘मग पावण्यांना असं ताटकळत ठेवतोस काय? हो बाजूला! आणि बँडवाल्यांना सांगा, खाली या म्हणावं!’

बँड खाली आला, म्हणजे येता येईल तेवढा आला. मोठा ढोल सहाव्या पायरीवर जिन्यात अडकला आणि वाजवणाऱ्यानं तिथूनच वाजवला. बायका एकेक करून उतरल्या. खड्डा उथळ, कळशी बुडेना, म्हणून फिलीबाय करवंटीनं पाणी घेऊन एकेकीची कळशी भरत होती आणि गाणं म्हणत होती. तासभर चाललं ते. डांबर, मोरचूद, मीठ, सगळं सोसलेल्या त्या भिंतींवरून गाण्याचा आवाज घुमत होता.

बायका नवरीला घेऊन वर गेल्या. नथूनं पहार पुसली आणि तोही गेला. काका खड्ड्यापाशीच बसून राहिले. नव्या पँटचे गुडघे चिखलानं भरले होते.

‘मास्तर,’ ते म्हणाले, ‘काय म्हणतं तुमचं नाक?’

मी श्वास घेतला. आठ वर्षांत पहिल्यांदा त्या घरात खरं बोललो. ‘येतोय, काका. ओला वास येतोय.’

त्यांनी खिशातून तपकिरीची डबी काढली, बोटांनी चाचपली आणि न उघडताच परत ठेवली. मग मान खाली घालून पाण्याजवळ नाक नेलं.

‘मलाही येतोय,’ ते म्हणाले. ‘तिच्या लुगड्याला यायचा ना, तसाच.’